नगरच्या देवळातील ताट

त्याग हा शब्द आपल्याकडे फार मोठ्या माणसांच्या वाट्याला गेला आहे. शिबीने मांस कापून दिले, दधीचीने अस्थी दिल्या, ह्या कथा ऐकत आपण वाढलो. त्यामुळे त्याग म्हटला की आयुष्यात एकदाच घडणारे अलौकिक कृत्य आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ख्रिस्ती धर्माच्या मुळाशीही क्रूसावरील असेच एक बलिदान आहे. परंतु ते रोजच्या व्यवहारात कसे उतरते, हे आम्हांस ग्रंथांपेक्षा एका साध्या देवळात अधिक स्पष्टपणे कळले.

एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही राहुरीकडील एका खेड्यात ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेस गेलो होतो. पत्र्याचे छप्पर, चुना दिलेल्या भिंती, पेटी-तबल्यावर चाललेले भजन. मग प्रभुभोजनाचे ताट फिरू लागले. येशूने मरणाच्या आदल्या रात्री भाकर मोडून शिष्यांस दिली, त्याची ही आठवण. प्रत्येकाने एक तुकडा उचलावा आणि ताट शेजाऱ्याच्या हाती द्यावे, एवढाच विधी.

आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली आपले ठाणे घातले. तेथील मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतून आले. थोडे ब्राह्मणही आले. ब्राह्मणाने त्या हातून ताट घेणे म्हणजे घर, गोत आणि पंक्ती ह्यांस मुकणे होते. वडिलार्जित मालमत्तेवरील हक्कास धर्मांतराने बाध येऊ नये, असा कायदा व्हावयास 1850 साल उजाडावे लागले. दुसऱ्या बाजूस, ज्याचे पोट गावकीच्या कामावर आणि गावाच्या मर्जीवर चाले, त्या महारासही गावाचा रोष परवडणारा नव्हता. हातोहात फिरणाऱ्या त्या ताटाची किंमत अशी दोन्ही बाजूंनी मोजली गेली आहे.

परंतु ही किंमत नेहमी देणाऱ्यानेच दिली काय? येथे नारायण वामन टिळकांची आठवण होते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या त्यागाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. तथापि त्या दिवसाचा मोठा भार लक्ष्मीबाईंवर पडला. निर्णय पतीचा, वियोग, लोकांची कीव आणि लहान मुलाची काळजी मात्र पत्नीच्या पदरी. कोणाचाही त्याग मोजताना त्याचे बिल कोणाच्या नावावर निघाले, हे इतिहासकाराने पाहिलेच पाहिजे.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरास आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. ख्रिस्ती शेजारात राहून त्या स्वतःची चूल आणि स्वतःचे पाणी सांभाळीत. पुढे विचार करता करता, मनुष्यामनुष्यांतील हा भेद देवाने केलेला नव्हे, अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी सोवळे टाकले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा सारा प्रवास त्यांनी स्वतःवर हसत हसत सांगितला आहे, हौतात्म्याचा आव त्यात कोठेही नाही.

आमच्या मते क्रूसाचा अर्थ टिळकांच्या धाडसाइतकाच, किंबहुना अधिक, ह्या स्वयंपाकघरातील बदलात आहे. ख्रिस्ताच्या बलिदानाची विशेषता ही की तेथे अर्पण करणारा आणि अर्पिला जाणारा एकच आहे. दुसऱ्या कोणास वेदीवर चढविलेले नाही. लक्ष्मीबाईंनी सोडले ते आपले स्वतःचे होते: जन्माने मिळालेला मोठेपणा. तोही एकदा सोडून भागत नाही. रोज पाणी पिताना, रोज पान वाढताना पुन्हा सोडावा लागतो.

त्या दिवशी ताट आमच्या बाकापर्यंत आले. आम्ही ख्रिस्ती नाही, म्हणून तुकडा न घेता ते शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याच्या हाती दिले. त्याने ते दोन्ही हातांनी घेतले, तुकडा उचलला आणि आमच्याकडे न पाहता पुढे दिले. विधीत आमचा वाटा एवढाच. परंतु आमच्या आजोबांच्या हातून तोही घडला नसता.