२९चा हात

तर झालं असं, आमच्या टीममध्ये एक अमेरिकन आहे. कॉलेजला जायच्या आधी तो काही वर्षं तिकडच्या नेव्हीत पाणबुडीवर होता. मागे ऑनसाईट गेलो होतो तेव्हा लंच टाईममध्ये त्याने मला क्रिबेज शिकवलं. तू कुठे शिकलास म्हणून विचारलं तर म्हणाला, "पाण्याखाली."

क्रिबेज हा सतराव्या शतकापासूनचा इंग्रजी डाव. दोघांना सहा-सहा पत्ते, त्यातले दोन-दोन बाजूला टाकायचे, मग कॅटमधलं एक पान उघडायचं. बेरीज पंधरा झाली की दोन गुण, जोडीला दोन. गुण कागदावर लिहायचे नाहीत, भोकं पाडलेल्या लाकडी पटावर खुंट्या सरकवायच्या. १२१ला जो आधी पोचेल तो जिंकला. पाणबुडीवर हा खेळ का रुजला हे खेळल्यावरच कळतं. दोन माणसं आणि वीतभर पट पुरतो. मध्येच भोंगा वाजला तर पत्ते टाकून पळायचं. परत आल्यावर खुंट्या जिथल्या तिथे! आमच्या भाषेत, स्टेट सेव्ह झालेली असते :)

सगळ्यात मोठा हात २९चा. तीन पंज्या नि गुलाम हातात, आणि उघडलेलं पान म्हणजे त्या गुलामाच्याच रंगाची चौथी पंजी. मार्च १९४३ मध्ये अमेरिकेची 'वाहू' ही पाणबुडी चीनजवळच्या पिवळ्या समुद्रात शिरली होती. समुद्र उथळ, म्हणजे लपायला जागा कमी. कॅप्टन डडली मॉर्टन आणि त्याचा दुय्यम अधिकारी रिचर्ड ओकेन यांच्या डावात हा २९चा हात आला. त्यानंतर वाहूने दोन जपानी मालवाहू जहाजं बुडवली. तीन दिवसांनी २८चा हात आला आणि पुन्हा जहाजं बुडाली. खलाशांनी शकुन मानला.

आता आपण पडलो इंजिनीअर, त्यामुळे रविवारी वही घेऊन बसलो. ५२ पानांतून सहा पानांचे २,०३,५८,५२० हात होतात. तीन पंज्या आणि नेमका तो गुलाम असलेले (चौथी पंजी हातात नको) फक्त ४,३२४. पुढे उरलेल्या ४६ पानांतून नेमकं एकच उघडलं पाहिजे. गुणाकार-भागाकार केला की २,१६,५८० डावांत एकदा. खात्री म्हणून छोटा प्रोग्रॅमही चालवला, तेच आलं. पत्ते शत्रूच्या जहाजांचे असोत वा मेंढीकोटाचे, हा आकडा बदलत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. ओकेनला बढती मिळाली आणि तो 'टँग' या नव्या पाणबुडीवर गेला. ऑक्टोबर १९४३ मध्ये ला पेरूझ सामुद्रधुनीत वाहू बुडाली, मॉर्टनसकट सगळेच्या सगळे गेले. शेवटचा डाव कुणी जिंकला, हात कसा होता, हे सांगायला कुणी उरलंच नाही. वर्षभराने, २५ ऑक्टोबर १९४४ला, टँगने सोडलेला शेवटचा टॉर्पेडो गोल फिरून तिच्यावरच आदळला. ७८ जण गेले, नऊ वाचले. त्यात ओकेन होता. युद्ध संपेपर्यंत तो जपान्यांच्या कैदेत राहिला.

शकुनाच्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात त्या परत आलेल्यांकडून. जे परत येत नाहीत त्यांचेही शकुन झालेच असतील की. हे लक्षात आल्यापासून कॉलेजातली माझी 'लकी खुर्ची' आठवून जरा ओशाळायला होतं.

ओकेनचा क्रिबेजचा पट अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्यातल्या सगळ्यात जुन्या पाणबुडीकडे ठेवायची प्रथा पडली. ती निवृत्त झाली की पट पुढच्या जुन्या बोटीकडे. 'लॉस एंजेलिस'कडून तो असाच 'ब्रेमर्टन'कडे गेला. मित्राला विचारलं, तुम्ही लोक तो शकुन मानता का रे? तो पत्ते पिसत म्हणाला, "शकुनाचं माहीत नाही. पण नवीन आलेल्याला कुणीतरी शेजारी बसवून शिकवतो, तेवढा तास त्याला घर आठवत नाही."

असो. पुढच्या विकांताला बायकोला शिकवायचा बेत आहे. पट नाहीये, तूर्तास वहीवर पेन्सिलीने भोकं काढलीत.