विभाज्यतेच्या कसोट्या
विभाज्यतेच्या कसोट्या : दिलेल्या संख्येस विवक्षित भाजकाने निःशेष भाग जातो की नाही, हे प्रत्यक्ष भागाकार न मांडता केवळ तिच्या अंकांवरून ठरविण्याचे नियम. दशमान पद्धतीत १०, १००, १००० या स्थानमूल्यांस ९ ने भागल्यास बाकी नेहमी १ च उरत असल्यामुळे, मूळ संख्येची बाकी व तिच्या अंकांच्या बेरजेची बाकी एकच येते. म्हणूनच ५,८३२ मधील अंकांची बेरीज १८ भरताच ती संख्या ९ ने विभाज्य ठरते. हिशेबाचा ताळा पाहण्याची नऊची रीत याच तत्त्वावर अधिष्ठित असून दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धान्तात ती आढळते; मात्र जमाखर्चात ५४ ऐवजी ४५ लिहिले गेल्यास अंकांची बेरीज तीच राहत असल्याने ती चूक या ताळ्यास सापडत नाही.