थांबणारा पतंग, निघणारं फुलपाखरू

सिक्रोपिया हा उत्तर अमेरिकेतला सर्वात मोठा पतंग. पंखांचा पसारा ५ ते ७ इंच. हिवाळा तो फांदीवरच्या रेशमी कोशात काढतो. त्याच मुलखातलं मोनार्क फुलपाखरू हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरात जातं.

दोघांचा शोधही वेगवेगळ्या वाटांनी लागला. हार्वर्डच्या कॅरोल विल्यम्स यांनी १९४०च्या दशकात सिक्रोपियाचे कोश उघडले. थंडी सोसलेला मेंदू दुसऱ्या, थंडी न सोसलेल्या प्युपात बसवला, की त्याची खोळंबलेली वाढ सुरू व्हायची. पुढे १९५६ मध्ये त्यांनी नर पतंगाच्या पोटातून ज्युवेनाईल हॉर्मोनचा अर्क मिळवला.

तिकडे कॅनडात फ्रेड अर्कहार्ट १९३७पासून मोनार्कच्या मागावर होते. पंखांवर कागदी टिकल्या चिकटवायला त्यांनी हौशी लोकांची फौजच उभी केली. अखेर जानेवारी १९७५ मध्ये कॅटलिना आग्वादो आणि केन ब्रुगर फुलपाखरांनी लगडलेल्या झाडांपर्यंत पोचले. गावकऱ्यांना ती झाडं आधीपासून ठाऊक होती!

नंतर कळलं, की स्थलांतर करणाऱ्या मोनार्कमध्ये ज्युवेनाईल हॉर्मोनच कमी असतं. त्यामुळे प्रजनन लांबतं आणि काही आठवड्यांचं आयुष्य काही महिन्यांचं होतं. म्हणजे पतंगात सापडलेल्या रसायनानं फुलपाखराचं कोडं उलगडायला मदत केली.

माझे बरेच मित्र परदेशी गेले. इथे राहिलेल्या मला ते ‘अडकलास’ म्हणतात. सिक्रोपियाचा कोशही बाहेरून तसाच दिसतो. आत काय चाललंय, हे कळायला विल्यम्सना तो उघडावा लागला.