एमजीएमटी : डीएनए दुरुस्त करणारे प्रथिन

तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला खर्रा नागभीडपासून गडचिरोलीपर्यंत पानठेल्यावर मिळतो. तंबाखूतील काही नायट्रोसामाइनांमुळे डीएनएतील ग्वानिनला मिथिल गट चिकटतो आणि पेशी विभागताना जोडी चुकते. एमजीएमटी हे प्रथिन तो गट स्वतःच्या सिस्टीनवर ओढून घेते नि कायमचे निकामी होते. एका दुरुस्तीला एक रेणू खर्ची पडतो. रोजच्या माऱ्यापुढे हा साठा अपुरा पडू शकतो.

उपचारात मात्र हाच रखवालदार आड येतो. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात टेमोझोलोमाइड हे औषध मुद्दाम तशीच इजा करते. ज्या गाठीत एमजीएमटीचे जनुक मिथिलीकरणाने बंद असते, तिथे औषध अधिक लागू पडते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

खर्ऱ्यातून होणारा तंबाखूचा मारा मुळातच रोखायला हवा; गडचिरोलीत दारू-तंबाखूविरुद्ध २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान चालते.