पिवळ्या युगुरांची भाषा आणि तिचे अभ्यासक

चीनच्या गान्सू प्रांतात किलियान पर्वतरांगेच्या उत्तर उतारांवर आणि पायथ्याच्या रुक्ष माळरानांवर युगुर नावाचा पशुपालक समाज राहतो. २०१० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १४ हजार भरली होती, आणि एवढ्या लहान समाजाच्याही दोन भाषा आहेत. पूर्वेकडील युगुर मंगोल कुळातील भाषा बोलतात. पश्चिमेकडील, मुख्यतः मिंगहुआ आणि दाहे या भागांतील युगुरांची भाषा मात्र तुर्किक कुळातील, म्हणजे तुर्कस्तानपासून ईशान्य सैबेरियापर्यंत पसरलेल्या भाषाकुळातील आहे. दोन्ही गट एकमेकांशी चिनीत बोलतात. या पश्चिम युगुर भाषेचा, म्हणजेच ‘सारिग युगुर’ किंवा पिवळ्या युगुरांच्या भाषेचा, अभ्यास शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. परंतु आरंभी तिच्याकडे प्राचीन भाषेचा अवशेष म्हणून पाहिले गेले, आणि ती जिवंत माणसांची भाषा म्हणून स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे हे पुरते मान्य होईपर्यंत तिचा वापर बराच आक्रसला होता.

इ. स. ८४० मध्ये मंगोलियातील उइगुर साम्राज्य किर्गिझांच्या आक्रमणाने कोसळल्यावर उइगुरांच्या काही टोळ्या दक्षिणेकडे गान्सूत उतरल्या आणि तेथे त्यांनी गान्झौचे राज्य स्थापले. १०२८ मध्ये तांगुतांनी ते राज्य जिंकले, तरी तेथील उइगुर समाज नाहीसा झाला नाही. तारिम खोऱ्यातील लोकसमूहांनी पुढे इस्लाम स्वीकारला आणि आजची उइगुर भाषा त्या परंपरेत घडली. गान्सूतील युगुर बौद्ध राहिले आणि त्यांची भाषा वेगळ्या वाटेने गेली. म्हणून नावांत साम्य असले तरी पश्चिम युगुर ही आजच्या उइगुर भाषेची बोली ठरत नाही.

लहान तुर्किक भाषांची नोंद करण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सैबेरियात रुजली. फिनलंडचे मातियास कास्त्रेन यांनी १८४५ ते १८४९ या काळात तेथे प्रवास करून कोइबाल आणि कारागास, म्हणजे आजच्या तोफा, या भाषांचे व्याकरण नोंदवले, जे त्यांच्या मृत्यूनंतर १८५७ मध्ये छापले गेले. बर्लिनमध्ये जन्मलेले विल्हेल्म रादलोव १८५९ मध्ये शिक्षक म्हणून बार्नाउलला आले आणि त्यांनी अल्ताई प्रदेशातील मौखिक साहित्याचे प्रचंड संकलन सुरू केले. १८९३ मध्ये डॅनिश पंडित विल्हेल्म थॉमसेन यांनी मंगोलियातील ओर्खोन नदीकाठच्या आठव्या शतकातील शिलालेखांची लिपी उलगडली, तेव्हा या कार्याला नवे प्रयोजन मिळाले. प्राचीन तुर्किक भाषा वाचता येऊ लागताच तिच्या खुणा कोणत्या जिवंत बोलींत टिकून आहेत, याचा शोध विद्वान घेऊ लागले.

युगुरांकडे त्यांचे लक्ष वळले ते याच शोधात. रशियन प्रवासी ग्रिगोरी पोतानिन यांनी १८८४ ते १८८६ च्या मोहिमेत काही शब्द टिपले होते. पुढे फिनलंडचे अध्यक्ष झालेले कार्ल मानरहाइम यांनी १९०६ ते १९०८ च्या आशिया-प्रवासात दोन्ही युगुर गटांना भेट दिली आणि तिचा वृत्तान्त १९११ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु पद्धतशीर अभ्यासाचे श्रेय रशियन भाषाभ्यासक सेर्गेई मालोव (१८८०–१९५७) यांचे आहे. १९१० मध्ये ते युगुरांत आले आणि त्याच वर्षी सुझौजवळच्या, मंजुश्री बोधिसत्त्वाचे नाव धारण करणाऱ्या वेन्शूगौ या गावी त्यांना ‘सुवर्णप्रभास’ या महायान सूत्राच्या प्राचीन उइगुर अनुवादाचे हस्तलिखित मिळाले. नालंदेत शिकलेला चिनी भिक्षू इ-त्सिंग याने आठव्या शतकाच्या आरंभी या संस्कृत सूत्राचे चिनी भाषांतर केले होते. त्यावरून बेशबालिकच्या शिंगको शेली तुतुंगने ते उइगुरमध्ये आणले आणि मालोवना मिळालेली प्रत १६८७ मध्ये उतरवलेली होती. उइगुर लिपीतील बौद्ध लेखन सतराव्या शतकापर्यंत चालू होते, हे तिने सिद्ध केले.

त्याच मुक्कामांत मालोव लोकांच्या तोंडून कथा, गाणी आणि शब्द उतरवून घेत होते, आणि त्या नोंदींनी दाखवलेली गोष्ट हस्तलिखिताइतकीच मोलाची होती. ओर्खोन नदीकाठच्या, इ. स. ७३२ च्या क्युल तेगिन शिलालेखात एकवीस ही संख्या ‘बिर ओतुझ’, म्हणजे ‘एक-तीस’ अशी लिहिली आहे: तिसाच्या दशकातला पहिला. मराठीतील ‘एकोणतीस’ हा शब्दही पुढच्या दशकाचे नाव घेतो, पण तो फक्त एक कमी असताना. प्राचीन तुर्किकमध्ये दशकांमधल्या संख्या सर्रास अशा मोजल्या जात. इतर तुर्किक भाषांतून ही पद्धत गेली, मात्र पश्चिम युगुरमध्ये ती अकरा ते एकोणतीस या संख्यांपुरती टिकून राहिली. प्राचीन ‘अदाक’ (पाय) या शब्दाचा ‘द’ आजच्या उइगुरमध्ये ‘य’ झाला, पश्चिम युगुरमध्ये मात्र ‘झ’ झाला, जसा दूरच्या सैबेरियातील खकास भाषेत झाला. परंतु हीच भाषा दुसऱ्या अंगाने पूर्ण नवी आहे: प्राचीन तुर्किकमध्ये मराठीप्रमाणेच क्रियापदाच्या रूपावरून पुरुष कळत असे, पण पश्चिम युगुरमध्ये ते प्रत्यय लोपले आहेत. जुने जपणे आणि नवे घडवणे या दोन्ही क्रिया एकाच भाषेत एकाच वेळी चालतात, याचा असा स्पष्ट पुरावा सहसा मिळत नाही, आणि केवळ अवशेष शोधणाऱ्या दृष्टीला त्याचा अर्धाच भाग दिसतो.

प्रकाशनाचा क्रम या दृष्टीचे प्राधान्य उघड करतो. सूत्राचे हस्तलिखित रादलोव आणि मालोव यांनी १९१३ ते १९१७ या काळात सेंट पीटर्सबर्गच्या ‘बिब्लिओथेका बुद्धिका’ मालेत छापून काढले. लोककथा आणि शमनविधी यांविषयीचे काही लेख लवकर आले, पण बोलभाषेचा शब्दकोश आणि व्याकरण १९५७ मध्ये, तर संहिता मालोवांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. रशियातील क्रांती आणि यादवी युद्ध यांचा अडथळा यामागे होता, हे खरे. तरीही मालोवांच्या प्राचीन तुर्किक लेखांचा मोठा संग्रह १९५१ मध्येच निघाला होता. जी गोष्ट कागदावर सुरक्षित होती ती आधी छापली गेली, आणि जी केवळ माणसांच्या तोंडी होती तिला अर्धे शतक थांबावे लागले.

या अर्ध्या शतकात युगुरांचे जीवन बदलून गेले. १९५४ मध्ये सुनान हा युगुरांचा स्वायत्त तालुका स्थापन झाला, पण शाळा, प्रशासन आणि बाजार यांची भाषा चिनी झाली. चराईच्या सामुदायिकीकरणाने भटके पशुपालन आटले आणि मठांवर आलेल्या संकटाने धार्मिक जीवनही विस्कटले. जुनी उइगुर लिपी व्यवहारातून केव्हाच गेलेली असल्यामुळे मुलांच्या हाती देण्यासारखे मातृभाषेतील पुस्तकही नव्हते. युनेस्कोच्या धोक्यातील भाषांच्या नकाशावर पश्चिम युगुरचे नाव आले, त्यामागे ही कारणांची साखळी आहे.

पुढील अभ्यासकांनी भाषेच्या वर्तमानाला अधिक स्थान दिले. एदखम तेनिशेव यांचे भाषारचनेवरील पुस्तक १९७६ मध्ये, चेन झोंगझेन आणि लेई श्वेनचुन यांचे संक्षिप्त वर्णन १९८५ मध्ये, आणि मार्टी रोस यांचे व्याकरण, संहिता व शब्दसंग्रह असलेले काम २००० मध्ये लायडनला सिद्ध झाले. युगुर समाजातील विद्वानही आता आपल्या मौखिक परंपरेवर लिहू लागले आहेत. तोफा, चुलिम, शोर, कराइम आणि खलज या धोक्यातील तुर्किक भाषांनाही या इतिहासातून एकच धडा मिळतो. भाषेचे प्राचीनत्व अभ्यासकाला तिच्याकडे खेचून आणते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु नोंदलेली भाषा बोलणाऱ्यांच्या हाती त्यांच्या हयातीत, शिकता-शिकवता येईल अशा रूपात परत जाणे हे त्या अभ्यासाचे अंगभूत कर्तव्य आहे. मालोवांच्या टिपणांनी युगुर गणना वाचवली ती विद्वानांसाठी. सुनानच्या मुलांसाठी ती वाचवण्याचे काम अजून व्हायचे आहे, आणि ते करण्यापुरते बोलणारे अजून हयात आहेत.