टॅबलेटवरचं चित्र इतिहासाचं साधन म्हणून कसं वाचायचं?

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : ‘तुमची साधनं कोणती?’ इतिहासाचा विद्यार्थी मग पत्रं, दफ्तरं, गॅझेटियर, वर्तमानपत्रं अशी यादी सांगतो. पण समजा, तुमचा विषय ‘एकविसाव्या शतकातल्या पुण्याचं रोजचं जगणं’ असा असेल तर?

आज या शहरात कितीतरी लोक टॅबलेटवर चित्रं काढतात. कुणी रविवारी सकाळी कसब्यातल्या जुन्या वाड्याचं दार काढतं, कुणी गणेश मंडळाच्या देखाव्याचं कच्चं रेखाटन. रांगोळीचा नमुना, ब्लाउजच्या बाहीची डिझाइन, केकवरची सजावट, ऑनलाइन तासाला समजावताना काढलेला भूमितीचा त्रिकोण, सगळं त्याच काचेवर. यातले बहुतेक जण स्वतःला चित्रकार म्हणवून घेत नाहीत. म्हणूनच ही चित्रं आपल्या कामाची आहेत.

माझं म्हणणं दोन भागांत आहे. एक, टॅबलेटवरचं चित्र हे अस्सल साधन आहे, पण ते वाचायची पद्धत कागदावरच्या चित्रापेक्षा वेगळी आहे. दोन, हे साधन आपल्या हाती येईपर्यंत त्यातला सगळ्यात मोलाचा भाग बहुधा नाहीसा झालेला असतो. हे समजून घ्यायला सव्वादोनशे वर्षं मागे जाऊ, पुण्यातच.

गंगाराम तांबटांचा गेंडा

चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारात ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट होता. त्याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट नावाचे पुण्याचे चित्रकार काम करत. त्यांनी वेरूळची लेणी काढली, पर्वती काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातले प्राणी काढले. दक्षिणेच्या वेळची पर्वती दाखवणारं त्यांचं १७९५ चं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्रही तिथेच आहे.

गंगारामांची ओळख पुष्कळदा ‘जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे शिष्य’ अशी करून दिली जाते. वेल्स पुण्यात आला, सवाई माधवरावांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली, गंगाराम त्याच्याबरोबर काम करू लागले, हे खरंच आहे. पण वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये, आणि गेंड्याच्या चित्रावरची तारीख आहे नोव्हेंबर १७९०. म्हणजे वेल्स भेटायच्या आधीच हा माणूस समोरचा प्राणी पाहून कागदावर उतरवत होता. एका तारखेने ‘साहेबाने शिकवलं’ ही सोपी गोष्ट बरीच अवघड होते.

कागदावरचं चित्र असं बोलतं. कडेला लिहिलेली ओळ, रंगाखाली दिसणारी पेन्सिलची रेघ, कागदातलं जलचिन्ह, दुमडल्याची खूण हे सगळं वस्तूला चिकटलेलं असतं. चित्रकाराने लपवायचं म्हटलं तरी पुरतं लपत नाही. शिवाय ते चित्र कुणासाठी काढलं हेही विसरता येत नाही : पर्वतीवरची दक्षिणा आपण पाहतो ती मॅलेटच्या संग्रहासाठी काढलेली.

आता टॅबलेटकडे येऊ.

हात एकीकडे, चित्र दुसरीकडे

टॅबलेट म्हटलं की आपल्याला २०१० चा आयपॅड आठवतो. पण पेनाने कॉम्प्युटरवर चित्र काढायची धडपड त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधीची आहे. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँडने ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम तयार केला. त्यात प्रकाशाचं पेन थेट पडद्याला लावून आकृती काढता येत असे. पुढच्याच वर्षी रँड कॉर्पोरेशनचा टॅबलेट आला. टेबलावर साधारण १० इंच बाय १० इंचाची सपाट पाटी, तिच्यावर पेन चालवायचं आणि रेघ उमटायची समोरच्या पडद्यावर. म्हणजे हात एकीकडे आणि चित्र दुसरीकडे. आजही ऑनलाइन शिकवणारे अनेक शिक्षक स्वस्तातली काळी पाटी वापरतात, ती याच वंशातली. सवय व्हायला वेळ लागतो, कारण आपण लिहिताना हाताकडे बघत मोठे झालेलो असतो.

१९८४ मध्ये मॅकिंटॉशबरोबर मॅकपेंट आलं आणि घरच्या कॉम्प्युटरवर माउसने चित्रं निघू लागली. जपानच्या वॅकॉम कंपनीने पेनात बॅटरी लागणार नाही आणि हाताचा दाबही कळेल असं तंत्र रुळवलं. मग आयपॅड आला आणि लोक बोटाने काढू लागले. २०१५ मध्ये ॲपलने आयपॅड प्रोसाठी पेन्सिल आणली. हात, पेन आणि चित्र पुन्हा एका जागी आले.

याच काळात चित्र काढण्याची जागाही बदलली. डेव्हिड हॉकनीसारखा नावाजलेला ब्रिटिश चित्रकार २००९ च्या सुमारास अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर फुलं काढून मित्रांना पाठवत होता. रंग कालवायचे नाहीत, पाणी सांडायचं नाही, वाळायची वाट बघायची नाही. बसमध्ये, कँटीनमध्ये, दवाखान्यात नंबर येईपर्यंत चित्र काढता येतं. रोजच्या जगण्याच्या इतिहासाला ही मोठी घटना आहे : आदेशावाचून, गिऱ्हाइकावाचून काढलेली चित्रं अमाप वाढली.

लेयर म्हणजे अनेक हात

मोडी पत्रं वाचायला शिकताना सुरुवातीलाच सांगतात की एकाच कागदावर अनेक हात असू शकतात. मजकूर कारकुनाने लिहिलेला, शेवटच्या दोन ओळी मालकाच्या स्वहस्ताच्या, आणि मग मोर्तबाचा शिक्का. कोणता भाग कुणाचा हे ओळखल्याशिवाय पत्राचा अर्थ लावायचा नाही.

टॅबलेटवरच्या चित्राला हाच नियम लावा. त्याची मूळ फाइल म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक लेयर असतात. सगळ्यात खाली बहुधा फोटो, त्यावर पहिली ढोबळ रेघ, त्यावर पक्की रेघ, मग रंग, मग अक्षरं. समजा, तुमच्यासमोर एका वाड्याच्या ओसरीचं सुरेख चित्र आहे. ते तिथे उभं राहून काढलं की मोबाइलवरच्या फोटोवरून गिरवलं? दोन्ही चालतं, गिरवणं हा काही गुन्हा नाही. पण तुम्ही ‘चित्रकाराने चौकटीवरच्या नक्षीला मुद्दाम ठळक केलं’ असं लिहिणार असाल, तर ती निवड डोळ्याची होती की कॅमेऱ्याची, हे माहीत हवं. फोटोचा लेयर फाइलमध्ये असेल तर उत्तर तिथेच मिळतं.

रेघेबद्दलही सावध राहा. बहुतेक ॲपमध्ये थरथरती रेघ आपोआप गुळगुळीत करायची सोय असते, आणि ती कमीजास्त करता येते. त्यामुळे ‘हात सफाईदार आहे’ असं म्हणण्याआधी सफाई हाताची की ॲपची, हे विचारायला हवं. आणि अनडू? कागदावर खोडलं तरी खूण उरते, इथे दोन बोटांनी टिचकी मारली की चूक झालीच नव्हती. पण गंमत अशी की काही ॲप चित्र काढण्याची सगळी प्रक्रिया व्हिडिओसारखी नोंदवून ठेवतात. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या १ जून २००९ च्या अंकाचं मुखपृष्ठ होर्हे कोलोम्बो या चित्रकाराने आयफोनवर ‘ब्रशेस’ या ॲपमध्ये काढलं होतं. ते कोणत्या क्रमाने घडत गेलं, हेही लोकांना पाहता आलं. गंगारामांनी आधी गेंड्याचं शिंग काढलं की पाय, हे आपण अंदाजाने सांगणार. इथे ते बघता येतं.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. किती लेयर वापरता येतील हे प्रोक्रिएटसारख्या ॲपमध्ये चित्राच्या आकारावर आणि यंत्राच्या मेमरीवर ठरतं. महागड्या टॅबवर भरपूर लेयर मिळतात. जुन्या किंवा स्वस्त टॅबवर मोजकेच, म्हणून चित्र काढणारा मधेच दोन-तीन लेयर एकत्र करून टाकतो. एकदा एकत्र केले, फाइल बंद केली की ते पुन्हा सुटे होत नाहीत. म्हणजे कुणाच्या चित्राची घडण भविष्यात दिसणार आणि कुणाची नाही, यात खिशाचाही हात आहे. साधनांमधली विषमता आपण दफ्तरखान्यात शोधतो, ती इथे यंत्राच्या मेमरीत बसलेली आहे.

आपल्या हाती काय येतं?

आपल्याला मिळतं ते मात्र बहुधा व्हॉट्सॲपवरून आलेलं जेपीईजी. त्यात सगळे लेयर एकमेकांत चेपले गेलेले असतात. फाइलवरची तारीख चित्र काढल्याची नसून ते बाहेर काढल्याची, किंवा तुमच्या फोनमध्ये उतरल्याची असू शकते. फोटोसारखं पाठवलं की दर्जा उतरतो आणि आतल्या नोंदीही गळतात. म्हणजे गेंड्याच्या चित्रावरची तारीख आणि खालची पेन्सिल दोन्ही पुसून फक्त वरचा रंग हाती यावा, तसं.

आणि मूळ फाइल जपली तरी ती उघडायला ॲप जिवंत असावं लागतं. अँडी वॉरहॉलने १९८५ मध्ये अमिगा कॉम्प्युटरवर काही चित्रं केली होती. ती फ्लॉपींमध्ये होती आणि फ्लॉपी पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात. तरी कुणी ती पाहू शकत नव्हतं. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबमधल्या मंडळींनी जुन्या फाइलींची रचना उलगडली तेव्हा चित्रं बाहेर आली. जगप्रसिद्ध माणूस होता म्हणून एवढा खटाटोप झाला. तुमच्या मावशीच्या रांगोळीच्या नमुन्यांसाठी कोण करणार?

जपतं कोण?

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांतली बस्तानं मिळवली, आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी गोळा केली. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांचं संग्रहालय उभं आहे. अडकित्ता हे इतिहासाचं साधन आहे असं तेव्हा फारसं कुणी मानत नव्हतं. कुणीतरी ते आधी उचलून ठेवलं, म्हणून नंतर त्याचा अभ्यास करता आला.

गंगारामांची चित्रं टिकली त्याचंही कारण ती चांगली होती एवढंच नाही. मॅलेटला ती हवी होती आणि ठेवायला त्याच्याकडे साधनं होती. त्या काळी पुण्यात घराच्या भिंतीवर, पाटावर, अंगणात चित्रं काढणारे इतर हात असणारच. ते कुणाला हवे नव्हते. आज उलटं झालंय. चित्रं काढणारे हजारो आहेत, पण त्यांची चित्रं मागणारा मॅलेटही नाही आणि दारोदार फिरणारा राजवाडेही नाही. चित्रातला वाडा पाडला जातो आणि टॅब बदलताना चित्रही जातं.

मग तुम्ही काय कराल?

अशा चित्रांवर काम करायचं ठरवलंत, तर चित्रकाराला भेटून किमान एवढं विचारा :

१. चित्र कुठे बसून काढलं? समोर बघून, फोटोवरून, की आठवणीतून?
२. कोणता टॅब, कोणतं ॲप, साधारण कोणत्या महिन्यात?
३. रेघ गुळगुळीत करायची सोय चालू होती का? लेयर मधे एकत्र केले का, आणि का?
४. कुणासाठी काढलं आणि कुणाला पाठवलं?
५. मूळ फाइल आहे का, आणि ती अभ्यासासाठी द्यायची तयारी आहे का?

पाचवा प्रश्न हलक्या हाताने विचारा. मूळ फाइलमध्ये फसलेले प्रयत्न, लपवलेले लेयर, कधी खाजगी फोटोही असतात. परवानगी लेखी घ्या आणि काय उघड करायचं नाही तेही लिहून घ्या. फाइल मिळाली की ती ॲपच्या मूळ रूपात ठेवाच, शिवाय शक्य असेल तर पीएसडीसारख्या, लेयर शाबूत ठेवणाऱ्या आणि इतर प्रोग्राममध्येही उघडणाऱ्या रूपात एक प्रत आणि पीएनजीमध्ये एक प्रत करा. प्रक्रियेचा व्हिडिओ असेल तर तोही घ्या. सोबत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये या पाच उत्तरांची नोंद ठेवा. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, फोनमध्ये नको.

शोधनिबंधात हे सगळं एका परिच्छेदात मावतं. ‘चित्र क्र. ३ : जागेवर काढलेलं, फोटोचा आधार नाही, लेयर उपलब्ध’ एवढी ओळ असली तरी परीक्षकाला तुमच्या निष्कर्षाचा पाया दिसतो.

सुरुवात घरापासून करा. टॅबवर काहीतरी काढणारं कुणीतरी तुमच्या ओळखीत आहेच : बहीण, शेजारचे काका, शिकवणीच्या बाई. या आठवड्यात त्यांच्याकडून एक चित्र मूळ फाइलसकट मागून घ्या आणि लेयर एकेक करून बंद करत पाहा. तळाशी काय सापडतं ते वहीत लिहा. ते टिपण म्हणजे तुमच्या साधनांच्या यादीतली पहिली नोंद.