सह्याद्रीचे पाहुणे

श्रोतेहो, आपल्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी देतात. पाऊल घरात येण्यापूर्वी ते स्वच्छ व्हावे, हा त्यातला अर्थ. आज आपल्या सह्याद्रीच्या घरी आलेल्या पाहुण्यांची हकिगत सांगतो.

पहिले पाहुणे आले ते हवा खायला. १८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना महाबळेश्वरची थंड हवा मानवली. पुढच्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून इंग्रजांनी ती जागा घेतली. माल्कमपेठ वसली, बंगले उठले, रस्ते झाले. पाहुण्यांची सोय झाली. पण डोंगराला काय सोसेल, हे कोणी विचारले? महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर सरकारने संवेदनशील म्हणून जाहीर केला तो २००१ साली. म्हणजे मधे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे गेली!

दुसरे पाहुणे येतात ते फुले बघायला. साताऱ्याच्या पश्चिमेला, सुमारे १२०० मीटर उंचीवर कासचे पठार आहे. खाली सगळा जांभा दगड. वर माती कुठे चार बोटे, तर कुठे तेवढीही नाही. एवढ्याशा मातीवर साडेआठशेच्या आसपास जातींच्या फुलझाडांची नोंद झाली आहे. मातीत कस नाही, म्हणून दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती चिकट थेंबांवर किडे धरून आपली गुजराण करते. टोपली कारवी तर साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. त्या वर्षी फुले पायाखाली गेली, तर बी धरणार कसे? एका पावलाची भरपाई व्हायला पुन्हा सात पावसाळे थांबावे लागते.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारशात घेतली. आपल्या राज्यातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार त्यांत आहेत. कासची कीर्ती झाली आणि गर्दी लोटली. पण इथे नियमही लगेच आले. येणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा आहे, शुल्क आहे, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या वनसमित्यांकडे आहे. गावच्या पोरांना चार पैसे मिळतात, ते फूल जपल्याबद्दल. ही गोष्ट मला मोठी वाटते. कारण कोयनेच्या खोऱ्यात धरणासाठी आणि पुढे जंगलासाठी कित्येकांनी आपली गावे सोडली आहेत. रान राखायचे ओझे ज्यांच्या डोक्यावर, रानाच्या मिळकतीत पहिला वाटा त्यांचाच हवा. नाहीतर त्यांनी रान का राखावे?

शिक्षक बंधुभगिनींनो, एक काम सांगतो. श्रावणात मुलांना गावच्या माळावर न्या. हातभर लांबीरुंदीचा दोरीचा चौकोन टाका आणि आत किती तऱ्हेची रोपे आहेत, ती मोजायला सांगा. मात्र एकही उपटायचे नाही! ज्या मुलाने असा चौकोन मोजला, ते पुढे कासला गेले तर पाऊल जपूनच टाकील.